भागतंय

माझ्या गावाचा जगात पहिला नंबर आला, ही बातमी आमच्या ऑफिसचे प्रमुख डॉ. सरदेशपांडे यांनी मला टाळ्या वाजवत सांगितली. सगळं ऑफिस उभं राहिलं. कुणीतरी पेढे आणले होते. मीही एक पेढा खाल्ला, आणि त्या पेढ्याबद्दल आज मला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

गावाचं नाव केळखिंड. पाटण तालुक्यात, सड्यावर, एक्केचाळीस उंबरे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसाळ्यात तिथे समोरचं घर दिसत नाही, आणि दिवाळी उलटली की तो दगड सगळं पाणी खाली सोडून देतो. पाणी उरतं ते दरीत, जिवाईच्या टाक्यात. टाकं बारमाही आहे. गाव वर, पाणी खाली आणि मध्ये चारशे वीस पायऱ्या. वीस वर्षं गाव एक पंप मागत होतं. पंप काही आला नाही. पहिला नंबर आला.

कसला नंबर तेही सांगते, कारण ते सांगायचं काम मी अकरा वर्षं पगार घेऊन केलं आहे.

दोन हजार पस्तीस साली विकसनशील देशांनी मिळून एक परिषद काढली आणि परिषदेने एक यंत्रणा उभी केली. आपल्याकडे तिचं नाव 'तोल'. मूळ प्रश्न चांगला होता. किती पाणी, किती जंगल, किती माती खर्च करून कुठला समाज आपल्या माणसांना किती बरं जगवतो? श्रीमंत देशांनी स्वतः सगळं ओरबाडून झाल्यावर आम्हाला शिकवायला येऊ नये, आमचं माप आम्हीच काढू, असा त्यामागचा ताठा होता. तो मला फार आवडला होता.

मापाची रीत अशी. प्रत्येक गाव म्हणजे एक यंत्र समजायचं. एका बाजूने आत जातं पाणी, सरपण, वीज, जमीन. दुसऱ्या बाजूने बाहेर येतं माणसांचं आयुष्य, शिक्षण आणि समाधान. माणशी अमुक इतकं पाणी लागतंच, असं इथे कुणी आधी ठरवत नाही. लाखभर गावांची एकमेकांशीच तुलना होते. सगळ्यात कमी घेऊन सगळ्यात जास्त देणारी गावं शोधायची, त्यांना जोडणारी एक रेघ काढायची आणि तिला सीमारेषा म्हणायचं. रेषेवरच्या गावाला गुण एक. बाकीची गावं रेषेच्या जितकी मागे, तितके त्यांचे गुण कमी. पॉइंट सात, पॉइंट तीन, असे. गणित चोख आहे, त्यात मला आजही चूक काढता येत नाही. फक्त शहाणपणाने कमी पाणी वापरणारा माणूस आणि मिळतच नाही म्हणून कमी वापरणारा माणूस, यांतला फरक त्या गणिताला कळत नाही.

तो कळावा म्हणूनच तर समाधान मोजायचं ठरलं होतं. आणि तिथे मी आले.

पाणी मोजायला उपग्रह होते, टाक्यात सेन्सर होते. समाधान मात्र विचारावं लागतं. त्यासाठी घरोघर एक बोलकी पेटी बसवली. महिन्यातून एकदा ती प्रश्न विचारायची. साताऱ्याकडच्या पेट्यांना तिकडच्याच माणसाचा आवाज हवा होता, म्हणून त्या पेट्यांमध्ये आवाज आहे तो माझा, तेजस्विनी शेडगे हिचा. 'तुमच्या घरी पाणी भागतं का?' हे वाक्य मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पुण्यातल्या एका काचेच्या खोलीत बसून चौदा वेळा म्हटलं. येणाऱ्या उत्तरांचा शब्दकोशही मीच केला. पुरतं, भागतं, भागतंय, भागतंय की, या सगळ्यांपुढे मी लिहिलं, 'गरज पूर्ण'. दुपारच्या चहाआधी काम संपलं होतं. सरांनी पाठ थोपटली होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परिषदेच्या निरीक्षक केळखिंडीला आल्या. इनेस त्यांचं नाव, लांबच्या कुठल्याशा कोरड्या डोंगराळ देशातल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सरदेशपांडे सर होते आणि दुभाषी म्हणून मी. वेशीवर फलक लागला होता. सरपंचांनी फेटे बांधले. मग सगळी मंडळी माझ्या चुलतीच्या, छबूकाकीच्या सोप्यात चहाला बसली. सतरा कप चहा झाला. त्याआधी प्रत्येकाला तांब्याभर पाणी, कारण पाणी पुढे केल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरू होत नाही.

त्या पाण्याकडे मी बघत होते आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजत होते. सतरा तांबे आणि सतरा कप म्हणजे दोन घागरी. दोन घागरी म्हणजे एका बाईच्या दोन खेपा, आठशे चाळीस पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. काकीने स्वतः चहा घेतला नाही, पाणीही प्यायली नाही. उंबऱ्याशी बसली होती. तिचे पाय सुजून गुळगुळीत झालेले. शेवटच्या वर्षी माझ्या आईचे असेच झाले होते.

इनेसबाईंनी मला विचारायला सांगितलं, की इतक्या उन्हाळ्यात पाणी पुरतं का. मी विचारलं.

"भागतंय की," काकी हसून म्हणाली.

मी भाषांतर केलं, हो, पुरतं. शब्दकोशाप्रमाणे.

पाहुणे शाळेत मुक्कामाची सोय बघायला गेले, तेव्हा सरांनी दुसऱ्या दिवसाचे कागद माझ्या हातात दिले, भाषांतरासाठी. मी फणसाखाली उभी राहून ते वाचले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. कायद्याने माणशी दिवसाला पंचावन्न लिटर पाण्यावर हक्क. केळखिंड वापरते एकोणीस. तरीही माणसं दीर्घायुषी आणि समाधानी. म्हणजे छत्तीस लिटर हा गावाचा 'उरलेला हक्क', आणि उरलेला हक्क जिथे गरज आहे तिथे वळवता येतो. तो वळणार होता सड्याच्या पलीकडच्या टोकाला होत असलेल्या आरोग्यनगरीला. तिथे पोहण्याचे तलाव आहेत. वर्ग करण्यासाठी जिवाईच्या टाक्यावर पंप बसणार होता.

पंप. वीस वर्षं मागितलेला पंप. तो येणार होता पाणी दुसरीकडे न्यायला.

खाली आणखी एक ओळ होती. केळखिंड आता आदर्श ठरल्यामुळे सड्यावरच्या तीनशे चाळीस गावांना एकोणीस लिटरचंच माप लागू होईल. अट एकच. उद्या सकाळी निरीक्षकांसमोर प्रत्येक घराने पेटीला पुन्हा एकदा उत्तर द्यायचं. निम्म्याहून जास्त घरांनी भागतं म्हटलं, की झालं.

मी सरांना गाठलं आणि जे काय सुचेल ते बोलले. एकोणीस लिटर ही बायकांची गरज नाही, त्यांच्या डोक्यावर मावतं तेवढं ते पाणी आहे, हे सांगितलं. शब्दकोश चुकलाय, 'भागतं' म्हणजे 'गरज पूर्ण' नाही, हेही सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच शांतपणे ऐकतात, त्या शांतपणाची मला आता शिसारी आहे. एक शब्द बदलला तर अकरा वर्षांची मराठीतली सगळी उत्तरं बदलतील, देशाचे गुण घसरतील, हे मला कळत कसं नाही, असं त्यांनी विचारलं. शिवाय आकडे आहेतच, म्हणाले. या गावात माणसं सरासरी एकोणऐंशी वर्षं जगतात. पाणी कमी पडत असतं तर जगली असती का?

एकोणऐंशी हा आकडा मला सहन झाला नाही, कारण माझी आई एकसष्टाव्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होऊन गेली होती.

फणसाखालीच बसून मी गावाच्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षांत केळखिंडीत एकोणीस मृत्यू. सगळी म्हातारी माणसं, घरातल्या अंथरुणावर गेलेली. आईचं नाव नव्हतं. कडेच्या घरातली पार्वती, तिचंही नव्हतं. आजारी पडलेली, ज्यांना झोळीतून खाली उतरवून कराडला नेलं, ती कराडला गेली आणि तिथल्याच नोंदीत पडली. गावाच्या खात्यावर उरली ती फक्त आजारी न पडता म्हातारी झालेली माणसं. असं केलं तर कुठलंही गाव दीर्घायुषी होईल.

मग मी आमच्या घराच्या पेटीतले आवाज काढले. ते कुणीच कधी ऐकत नाही. यंत्र ऐकतं, कामाचा शब्द उचलतं, उरलेलं 'असंबद्ध' म्हणून बाजूला टाकतं. आईची सात वर्षांची चौऱ्याऐंशी उत्तरं तिथे होती. आधी माझा आवाज, तुमच्या घरी पाणी भागतं का. मग आईचा.

"भागतंय गं बाई. तू जेवलीस का?"

पुढच्या महिन्यात, भागतंय, तिकडं पुण्यात थंडी हाय का गं. त्याच्या पुढच्या महिन्यात, भागतंय, आवाज बसल्यासारखा वाटतोय तुजा, काढा घे. शेवटून तिसऱ्या नोंदीत, भागतंय, पाय जरा दुखत्यात, पर भागतंय, तू काळजी करू नगं. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी उत्तरांपुढे माझ्याच कोशातला शिक्का होता, गरज पूर्ण. पायांचं वाक्य असंबद्धमध्ये टाकलेलं होतं.

मी तिथे किती वेळ रडले ते सांगत बसत नाही. रडून झाल्यावर जे उरलं तो राग होता आणि त्यातला मोठा भाग माझ्या स्वतःवरचा होता.

काकी चारच्या खेपेला निघाली होती. मी एक घागर उचलली आणि तिच्यामागे पायऱ्या उतरले. उतरता उतरता तिला सगळं सांगितलं. पंपाचं, आरोग्यनगरीचं, उद्याच्या पेटीचं. उद्या नाही म्हण, एवढंच माझं म्हणणं होतं.

काकी भडकली. जगात पहिला नंबर आलाय आणि मी तिला चार लोकांसमोर रडगाणं गायला सांगतेय, म्हणाली. या घरात सून म्हणून आली तेव्हा थोरल्या जावेने, म्हणजे माझ्या आईने, तिला पहिली गोष्ट शिकवली होती, की दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नाही. चाळीस वर्षांत तिने ते म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, मग दर महिन्याला पेटीला खोटं का सांगत होतीस?

ती पायरीवर थांबली. "पेटीला कुठं सांगितलं? तू ईचारत हुतीस. लांब ऱ्हाणाऱ्या लेकीनं ईचारलं, बरं हाय का, तर काय सांगायचं? मुतखडा झालाय म्हणून सांगायचं? दुपारचं तीन वाजलं की घरातल्या बाकीच्यास्नी पुरावं म्हणून आमी पाणी पीत न्हाई, ही सांगायचं?" दम घेऊन पुढे म्हणाली, "आन् भागतंय म्हंजे काय गं? आपसूक कुठं भागतं. आमी भागवतो."

भागतं आणि भागवतो. शाळेतल्या पोरालाही कळेल असा फरक. भाषेची पदवी घेतलेल्या मला अकरा वर्षांत कळला नाही, कारण काचेच्या खोलीत नळ होता.

टाक्याच्या काठावर बसून मी तिला आईचा आवाज ऐकवला. तिने पदर तोंडाला लावला. मग मी मेलेल्यांची यादी वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली.

"आक्काचं नाव न्हाई?"

आईला ती आक्का म्हणायची. नाही म्हटलं. त्यांच्या नोंदीत ती कराडची.

"चाळीस वरसं पाणी कुणाचं वाहिलं तिनं?" काकी म्हणाली. "कराडचं?"

ती उठली. घागर भरली, माझीही भरली, आणि चारशे वीस पायऱ्या माझ्यापुढे चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेच्या ओसरीत पेटी मांडली. उन्हाने पत्रा तापला होता. इनेसबाई सकाळीच टाकं बघायला खाली उतरल्या होत्या, त्या नुकत्याच चढून आल्या, तोंड लालबुंद, हातातली बाटली रिकामी. आदल्या दिवशीचा चहा काकीकडे झाला म्हणून पहिल्या उत्तराचा मान काकीला. तिच्या शेजारी बाकावर गावाने पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला माठ होता.

पेटीतून माझा आवाज आला. "तुमच्या घरी पाणी भागतं का?"

पेटीचा हिरवा दिवा वाट बघत राहिला. सर घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात इनेसबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, की त्यांना प्यायला पाणी मिळेल का.

"काकी," मी म्हटलं, "बाई पाणी मागतायत."

ओसरीतल्या बायका वळून बघायला लागल्या. काकीने माठाकडे पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं.

"न्हाई," काकी म्हणाली.

पेटी टिंग करून वाजली. 'धन्यवाद. तुमचं उत्तर नाही असं नोंदवलं आहे.'

सरदेशपांडे सर उठले. हे उत्तर पाहुण्यांना होतं, पेटीला नव्हतं, ते रद्द धरून प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, असं त्यांनी मला काकीला सांगायला लावलं. मी सांगितलं.

"दोघास्नीबी त्येच," काकी म्हणाली आणि माठावर पालथा ठेवलेला तांब्या उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला.

तेव्हा मी इनेसबाईंना कालचं भाषांतर चुकल्याचं सांगितलं. भागतंय म्हणजे काय ते सांगितलं, तीन वाजल्यानंतर बायका पाणी पीत नाहीत ते सांगितलं, आईचं सांगितलं. पाणी मागितल्यावर नाही ऐकण्याचा अर्थ काय, हे मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या कोरड्या घशाने तशाच बसून राहिल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला यायची खूण केली. पुढची बाई आली, न्हाई म्हणाली. तिच्यामागची म्हणाली. एक्केचाळीस घरांतून अडतीस न्हाई आणि तीन भागतंय, आणि ती तीन घरं सरपंचांच्या भावकीतली. उरलेल्या हक्काच्या कागदावर इनेसबाईंनी सही केली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी पेढे वाटले असते.

टाकं वाचलं, हे खरं. पंपही अर्थातच आला नाही. त्या अडतीस उत्तरांमुळे गावाचं समाधान कोसळलं, समाधान कोसळल्यामुळे गुण एकवरून पॉइंट तीन आठवर आले, आणि केळखिंड हे पंधरा दिवसांत जगातल्या पहिल्या गावाचं अकार्यक्षम गाव झालं. वेशीवरचा फलक सरपंचांनी स्वतः उतरवला. तीनशे चाळीस गावांचं एकोणीस लिटरचं माप मागे घेतलं आणि शेजारच्या खोऱ्यातलं दुसरं आदर्श गाव शोधून एकवीस लिटरचं माप लावलं. तिथल्या बायका काय म्हणाल्या होत्या ते मी नोंदीत पाहिलं. भागतंय म्हणाल्या होत्या.

शब्दकोश बदलला नाही. मला काढलं. माझा आवाज मात्र त्यांच्या मालकीचा, तो त्यांनी ठेवून घेतला. तो आजही सातारा जिल्ह्यात घरोघर विचारतो आणि लेकीचा आवाज ऐकून आया अजूनही खोटं सांगतात. त्यावर इलाज म्हणून मी एक वही केली आहे. गावोगाव पायी जाते, बायकांच्या शेजारी बसते आणि जे त्या पुढे बोलतात, जे असंबद्ध म्हणून टाकलं जातं, ते लिहून घेते. दुसऱ्या वहीला सुरुवात झाली आहे.

मेच्या मध्यावर केळखिंडीला गाडी आली. अकार्यक्षम गावांना नियमाप्रमाणे प्रशिक्षण मिळतं. विषय होता, पाण्याचा काटकसरीने वापर. प्रशिक्षक सभ्य होता, तिशीतला, टोपी घातलेला. काकीच्या सोप्यात त्याने पडदा लावला आणि पेलाभर पाण्यात दात कसे घासावेत हे चित्र दाखवून समजावलं. भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालावं, असंही त्याने सांगितलं. अंगणात झाड नव्हतं. बायका ऐकून घेत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते.

काकीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने दाराबाहेर पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि आत पाण्याच्या बाटल्यांचे चार खोके होते, चार माणसांसाठी, दोन दिवसांचे.

"बाबा," तिने अगदी मायेने विचारलं, "तुमचं भागतं का एवढ्यात?"

त्याने रुमालाने मान पुसली. "कुठलं हो, आजी," तो म्हणाला. "या उन्हात नाही भागत. उद्या अजून मागवायला लागणार."

काकी माझ्याकडे वळली.

"लिव्हून घे," ती म्हणाली. "ह्याचं भागत न्हाई."